वजा सदुसष्ट

मार्चमध्ये मोजलं तेव्हा गोडाऊन रिकामं होतं.
अक्कलकोट रोडची एमआयडीसी, गाजुलांच्या कारखान्याची मागची शेड.
लॅपटॉप ट्रॉलीवर ठेवून मी चालले,
दर दहा पावलांना थांबत,
आणि मल्लिनाथ नकाशावर टिंब मारत.
वजा अठ्ठावन्न. वजा एकसष्ट. वजा साठ.
सदुसष्टच्या खाली एकदाही नाही.
छताला सहा डबे पुरेत, मी लिहिलं,
आणि सही केली, जरा ऐटीत, तिरकी.

मेमध्ये फोन आला :
"मॅडम, तुमचं वायफाय उन्हानं वितळलं काय की."
स्कॅनर बारकोड वाचायचा आणि तिथंच थिजायचा.
पोरं गठ्ठा सोडून दाराशी पळायची,
हात वर करून उभी राहायची.
संध्याकाळी सहाला कंटेनर निघायचा होता.

गेले. पत्रा त्रेचाळीस अंशांत तडतडत होता.
आत टॉवेल.
फरशीपासून कैचीपर्यंत टॉवेल, पांढरे, निळ्या काठाचे,
रांगांच्या मधे माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट.
तिसऱ्या रांगेत वजा एकोणऐंशी.
पाचवीत आकडाच नाही,
नुसती रेघ.

मी डब्यांची ताकद वाढवली.
(करू नये. शिकाऊ पोरांना मीच हे सांगते.)
बोलायच्या वाटा तीन : एक, सहा, अकरा.
बोलणारे सहा, आता सगळेच ओरडणारे.
डब्याची हाक स्कॅनरपर्यंत पोचायची,
स्कॅनरचा बारीक होकार डब्यापर्यंत पोचायचा नाही.
पडद्यावर चारही काड्या भरलेल्या
आणि गठ्ठा जागचा हलेना.

घडीच्या टेबलावरून अंबुबाई यमूल बघत होत्या.
"काय मोजालाव बाई, सकाळधरनं?"
आवाज, मी म्हटलं. ऐकू न येणारा.
त्या उठल्या, रांगेत शिरल्या, एकदा टाळी वाजवली.
टाळी परत आली नाही.
"रिकाम्यात घुमतंय. माल भरला की पितंय.
टावेल हाय तो. प्यायलाच केलाय त्याला."

मी ट्रॉलीला टेकले.
मार्चमधल्या माझ्या टिंबांना कुणी टाळी वाजवली नव्हती.

मग त्यांनी सांगितलं, मागितलं नसताना,
लूमवरच्या एकवीस वर्षांचं :
"खटखटाटात ओरडून काय उपयोग?
समोर यायचं. तोंड दिसंल असं उभं राहायचं.
ओठ हलले की कळतंय,
धागा तुटला का चहा आला."

कंटेनर त्या दिवशी गेला नाही.
गाजुलशेठ काही बोलले नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

पुढच्या आठवड्यात छतावरचे सहाही उतरवले.
प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक चपटा अँटेना,
तोंड रांगेकडे, पाठ शेजाऱ्याकडे,
ताकद निम्म्याहून कमी.
मल्लिनाथ शिडीवरून म्हणाला, एवढ्या हळू?
म्हटलं, हळूच. स्कॅनर जेवढं बोलू शकतो तेवढंच.
मग एक पोरगा गठ्ठा घेऊन पहिलीतून अकरावीत गेला,
एका डब्याने सोडला, दुसऱ्याने धरला,
त्याला काही कळलं नाही. तो शिट्टी वाजवत होता.
पाचव्या रांगेच्या टोकाला वजा चौसष्ट,
माल भरलेला असताना.

अंबुबाईंना आकडा दाखवला.
"वजा म्हंजे तोटा की," त्या म्हणाल्या,
आणि पुढच्या टॉवेलची घडी घातली.

काल होटगी रोडला नव्या दवाखान्याचं काम आलं.
चार मजले, क्ष-किरणांच्या खोलीला शिसं, लिफ्टचा लोखंडी गाळा.
मॅनेजरने वॉर्डचं दार उघडून दिलं :
या, मोजा, सगळं रिकामंच आहे.
मी ट्रॉली दाराबाहेरच ठेवली.
माणूसही निम्म्याहून जास्त पाणीच,
तोही पितो.
म्हटलं, उद्घाटन झालं की येते,
चार वाजता, भेटायची वेळ असते तेव्हा.